बेगमी

थंडी पडू लागली की आमच्या मोहल्ल्यात शालवाला येतो. सायकलच्या मागे भले मोठे गाठोडे, अंगात फेरन. बारामुल्ला जिल्ह्यातल्या एका गावचा हा माणूस गेली अकरा-बारा वर्षे आमच्याकडे येतो आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस उतरायचे, चौघांनी मिळून भाड्याची एक खोली घ्यायची आणि मार्चमध्ये उधारी गोळा करून परत जायचे, हा त्याचा दरसालचा शिरस्ता. आम्ही शाल घेवो न घेवो, त्याचा चहा ठरलेला असतो.

यंदा चहा पिताना आम्ही सहज विचारले, "भाई, तुम्ही चार महिने इकडे आणि तिकडे बर्फ. घरच्यांचं कसं चालतं?" तो हसला. म्हणाला, "बाजी, घर भरूनच तर निघतो." मग गाठोड्याच्या तळातून कागदाची एक पुडी काढून त्याने पुढे ठेवली. आत चामड्याच्या वादीसारख्या फिकट, सुरकुतलेल्या पट्ट्या होत्या. कोकणातल्या माणसाला अशी वस्तू दाखवली की तो आधी नाकाला लावतो. आम्हीही लावली. पण तो सुका मासा नव्हता, दुधी भोपळा होता. त्याच्या अम्मीने उन्हाळ्यात सुकवलेला आणि जाताना मुलाच्या सामानात आमच्यासाठी म्हणून कोंबलेला.

काश्मिरीत त्याला 'अल हची' म्हणतात. वांग्याची 'वांगन हची', टोमॅटोची 'रुवांगन हची'. सलगमच्या चकत्या कापून दोऱ्यात ओवतात आणि त्यांच्या माळा भिंतीवर टांगतात. मेथी, पालक आणि रानातल्या पालेभाज्याही सुकवतात. छोटे मासे सुकवतात, काही धुरावर धरतात. या सुक्या भाज्यांना मिळून 'होख स्युन' असे नाव आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, जेव्हा बागेत भाजी मावत नाही, तेव्हा हे काम चालते. वांगे देठाशी जोडलेले ठेवून उभे चिरायचे, म्हणजे दोरीवर टाकले की दोन्ही बाजूंनी वारा लागतो. दुधी सोलून लांब पट्ट्या काढायच्या. टोमॅटो अर्धे करून चटईवर पसरायचे. मग भात कापणीला येतो, अक्रोड झोडतात, सफरचंदे उतरवतात. शेवटी चिनारची पाने झाडून गोळा करायची आणि जाळून त्यांचा कोळसा करायचा. हा कोळसा कांगडीसाठी, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेल्या त्या मातीच्या शेगडीसाठी, जी तिथे माणसे फेरनच्या आत घेऊन बसतात.

21 डिसेंबरला 'चिल्ले कलान' सुरू होतो. चिल्ला हा शब्द आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. चिल्ला म्हणजे चाळीस, आणि हे थंडीचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्ले खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्ले बच्चा'. या सत्तर दिवसांत नळ गोठतात, दल सरोवराच्या काठाला बर्फाचा थर धरतो. जम्मूहून श्रीनगरला जाणारा रस्ता सुमारे 270 किलोमीटरचा. रामबन, बनिहालच्या बाजूला दरड कोसळली की तो एक दिवसही बंद राहतो आणि कधी आठवडाही. मीठ, गॅस, डाळ, बाहेरची भाजी सगळे याच रस्त्याने यायचे. गुरेझसारख्या खोऱ्यांचा तर खिंड बर्फाने भरली की बाकी जगाशी संबंधच तुटतो. तिथे पुढच्या काही महिन्यांचे रेशन सरकारलाही आधीच पोचवून ठेवावे लागते.

2025 च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाते. आम्ही भाईला म्हटले, आता अम्मीला भाजी वाळवायची गरज नाही. तो म्हणाला, "तिला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही." मग थोडा गंभीर झाला. काश्मीरमधल्या लोकांना रस्ता केवळ बर्फानेच बंद होतो असे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. संचारबंदीचे आठवडे आले, 2019 चा ऑगस्ट आला. दुकाने बंद, फोन बंद. तेव्हा माळ्यावरच्या या माळा खाली उतरल्या. भर उन्हाळ्यात, ताज्या भाजीच्या दिवसांत, लोकांनी थंडीसाठी ठेवलेला दुधी खाल्ला. आणि 2014 च्या सप्टेंबरात श्रीनगरमध्ये झेलमचे पाणी शिरले, तेव्हा ज्यांची तांदळाची पोती तळमजल्यावर होती त्यांचे सगळे गेले. ज्यांची साठवण छपराखाली होती, त्यांच्या चुली दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पेटत राहिल्या.

हे ऐकताना आम्हाला आमची दादी आठवली.

आपल्या कोकणात थंडीची भीती नाही. आपण भरतो ते पावसासाठी. आगोट म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे मे महिना उभा राहतो. कणगीत भात, मडक्यांत वाल आणि कुळीथ, बरणीत आमसुले, आंबोशी, मीठ लावलेले बांगडे, सुकट, सोडे, फणसाच्या आठळ्या, पडवीत रचलेला लाकूडफाटा. शेवया बकरी ईदच्या आणि पावसाच्या हिशेबाने आधीच वळून ठेवलेल्या. दादी या सगळ्याला 'बेगमी' म्हणायची. मराठीत आपण पावसाची बेगमी, चाऱ्याची बेगमी असे सर्रास म्हणतो, पण या शब्दाच्या पोटात फारसी 'बे-गम' आहे, म्हणजे चिंता नसणे, याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. घरातल्या बेगमशी त्याचा संबंध नाही. मात्र ती चिंता वाहते घरातली बेगमच, ही गोष्ट वेगळी.

1990 साली आमचे अब्बा कुवेतमध्ये होते. 2 ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे पैसे येणे एका दिवसात थांबले. पत्र नाही, तार नाही. माणूस जिवंत आहे की नाही याची खबर नाही. बायका रेडिओला कान लावून बसायच्या. त्या दिवसांत घरात काय शिजते आहे याचा आम्हा मुलांना पत्ता लागला नाही, कारण रोज काहीतरी शिजत होते. कुळथाची पिठी, सुक्या बोंबलाचे कालवण, भात, आठळ्यांची भाजी. आज हिशेब केला तर कळते की दादीने मे महिन्यात भरलेले घर आम्ही ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर खाल्ले, आणि नवा भात येईपर्यंत पोचलो. अब्बा जॉर्डनमार्गे परतले. अम्मानहून त्या वेळी हिंदुस्थानी विमानांनी लाखावर लोकांना मायदेशी आणले, त्यांतले एक ते. घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती. नोकरी गेली, बँकेतले पैसे अडकले, पण घरावर किराणा दुकानाचा एक रुपया देणे नव्हते.

आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर अम्मीकडून कळली. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला माणूसही तिकडेच होता. त्या घरात आगोट भरलेली नव्हती, कारण त्या वर्षी मुलीच्या लग्नात पैसे गेले होते. दादीने सप्टेंबरमध्ये आपल्या कणगीतला भात मापाने मोजला आणि दोन्ही घरांची माणसे धरून भागाकार केला. आमच्या ताटातला भात थोडा कमी झाला, पेज थोडी जास्त झाली. आम्हाला वाटले, दादीला पेज आवडते.

हे सांगितल्यावर 2020 चे सांगायलाच हवे, नाहीतर आम्ही दादीच्या पुण्याईवर मिरवत आहोत असे होईल.

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता देश बंद होणार असल्याची घोषणा झाली. आमच्या घरात तेव्हा दोन महिन्यांचे धान्य होते, कारण आगोटीची सवय सुटलेली नाही. तरीही आम्ही पिशव्या घेऊन धावलो. दुकानापुढे झुंबड होती. जे हाताला लागले ते उचलले. 15 लिटर तेलाचा डबा, दहा किलो साखर, मैदा, साबणाच्या वड्यांचा अख्खा खोका. घरी येऊन सामान मांडले तेव्हा फार हुशारी केल्यासारखे वाटले. दोन गल्ल्या पलीकडे एक कुटुंब राहते, नवरा रिक्षा चालवतो, बायको शिवणकाम करते. रोजच्या कमाईवर रोजचे सामान. ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेली तेव्हा तेल संपले होते. तिने बारा दिवस भाजी पाण्यात शिजवली. हे आम्हाला कळले ते तिच्याकडूनच, रमजानमध्ये, आणि तिने ते तक्रार म्हणून सांगितले नाही, हसत सांगितले. आमच्या डब्यातले तेल ऑगस्टपर्यंत पुरले. शेवटचे चार लिटर खवट झाले आणि टाकून द्यावे लागले.

दादीचा भात आणि आमचे तेल, दोन्ही साठवणच. मग एक बेगमी आणि दुसरी साठेबाजी का? या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस सोडले नाही.

साठवण करणे म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी असणे, असे काही भगिनी मानतात. तसे नाही. हजरत युसुफ (अलैहिस्सलाम) यांनी मिसरच्या बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला तो आपण जाणतोच. सात वर्षे पेरायचे, खाण्यापुरते घेऊन बाकीचे धान्य कणसातच राहू द्यायचे, कारण पुढे सात वर्षे दुष्काळाची आहेत. त्यातही एक बारकावा आहे. दुष्काळात साठा खाऊन संपेल, पण थोडे राखून ठेवलेले उरेल, असे सुरह युसुफमध्ये आले आहे. शेतकऱ्याच्या घरातली बाई हा बारकावा लगेच ओळखते. ते बियाणे आहे. उपास पडला तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नसतो.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे अन्न राखून ठेवत, असे हजरत उमर (रजि.) यांच्याकडून बुखारीत आले आहे. आणि त्याच घरात कित्येक दिवस चूल पेटत नसे, हेही आपण वाचतो. वफातच्या वेळी आपली चिलखत त्यांनी जवासाठी गहाण ठेवलेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? हदीसचे जाणकार याचा मेळ असा घालतात की वर्षाचे अन्न ठेवले जाई खरे, पण दारी येणाऱ्यांना देता देता ते वर्षाआधीच संपे.

आम्हाला सर्वांत जास्त उलगडा झाला तो कुर्बानीच्या मांसाच्या हदीसमधून. एका वर्षी ईदच्या दिवसांत वाळवंटातली भुकेली माणसे मदीनेत आली. त्या वर्षी हुकूम झाला की कुर्बानीचे मांस तीन दिवसांपुरते ठेवा, बाकीचे वाटून टाका. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, तेव्हा सांगण्यात आले की ती मनाई त्या आलेल्या लोकांसाठी होती. आता खा, साठवा आणि दानही करा. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून हे आले आहे. मांस तेच, घर तेच, ठेवणारी बाईही तीच. एका वर्षी ठेवणे मना, दुसऱ्या वर्षी मोकळीक. मधे बदलले काय? दारातला भुकेला माणूस.

दादीचा मे महिना आणि आमची मार्चची ती रात्र यांतला फरक यात सापडतो. दादीने भात घेतला तेव्हा तो बाजारात मुबलक होता, भाव पडलेला होता. तिने घेतल्याने विकणाऱ्याला बरेच वाटले असेल. आम्ही तेल घेतले तेव्हा ते मोजके होते, आणि आमचा प्रत्येक लिटर कुणाच्या तरी वाट्यातून आला. टंचाईची वाट पाहत माल दाबून ठेवणाऱ्याला गुन्हेगार म्हटले आहे ते व्यापाऱ्याला उद्देशून, असे समजून आपण सुटतो. घाबरलेली शंभर घरे एकाच संध्याकाळी दुकानात उतरली की व्यापाऱ्याने न दाबताही माल दाबला जातो. रमजान अलीकडे मागे सरकत सरकत थंडीत येऊ लागला आहे. खजूर, बेसन, तेल, रवा यांचे भाव चाँदरातीच्या आधीच्या आठवड्यात का चढतात? आपण सगळ्या जणी त्याच आठवड्यात जातो म्हणून. न नासणारे सामान डिसेंबर-जानेवारीपासून थोडे थोडे घेतले तर आपलाही पैसा वाचतो आणि आयत्या वेळी येणाऱ्या गरीब बाईलाही रास्त भावात मिळते.

आता थोडे कामाचे बोलू. हे दिवस पुन्हा अनिश्चित आहेत. आखातातून कधी कोणती बातमी येईल सांगता येत नाही, गावातल्या कारखान्यांतून माणसे कमी होत आहेत, पाऊस वेळापत्रक पाळत नाही. घर भरायला सुरुवात करायची तर थंडीसारखा मोसम नाही. मे महिन्यात आपल्याकडे हवा दमट होते, वाळवण रात्रीत ओल धरते. डिसेंबर ते फेब्रुवारीची हवा कोरडी असते, ऊन स्वच्छ, माश्या कमी. दिवाळीनंतर नवा तांदूळ आलेला असतो. फेब्रुवारीत वाल-कुळीथ येतात, पाठोपाठ लाल मिरची. मेथी, टोमॅटो, गाजर थंडीतच स्वस्त. टोमॅटोचा भाव काही वर्षी इतका पडतो की शेतकरी तो रस्त्यावर ओततो, आणि सहा महिन्यांनी तोच टोमॅटो आपण तोळ्याच्या भावाने आणतो.

भाईच्या अम्मीची पद्धत आम्ही टोमॅटोवर करून पाहिली. घट्ट गराचे, लांबट टोमॅटो घ्यावेत. अर्धे करून, चिरलेली बाजू वर ठेवून, किंचित मीठ लावून पसरावेत. वर जुनी मलमलची ओढणी. दव पडण्याआधी आत घ्यायचे, सकाळी पुन्हा बाहेर. आमच्याकडे सहा दिवस लागले. दहा किलोंचे जेमतेम पाऊण किलो झाले, तेव्हा निराश होऊ नका. टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणीच. मेथी मात्र सावलीत वाळवावी, उन्हात ती पिवळी पडते. पाला चुरडला की कुरकुरला पाहिजे. दुधीची पट्टी वाकवल्यावर मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून एक दिवस. बरणीत भरल्यावर पहिला आठवडा रोज बरणीकडे बघा. आतून काचेवर वाफ दिसली की सगळे बाहेर काढून पुन्हा ऊन दाखवा. बुरशी आलेले निवडून खायचे नाही, बरणीच्या बरणी फेकायची. आणि ताज्या भाज्या नुसत्या उकडून हवाबंद बाटलीत भरून ठेवण्याचे प्रयोग हल्ली मोबाइलवर पाहून काही मुली करतात, ते करू नयेत. आंबट, खारट किंवा पूर्ण कोरडे नसलेले अन्न बंद बाटलीत विषारी होऊ शकते, आणि ते वासावरून दर वेळी कळत नाही. आपल्या आज्या वाळवत, खारवत, आंबवत, ते उगाच नव्हे.

किती भरावे? दुसऱ्याची यादी उतरवू नका. एक महिना वहीत लिहा. पाच माणसांच्या आमच्या घराला महिन्याला 14 किलो तांदूळ, सहा किलो पीठ, अडीच किलो डाळी-कडधान्ये आणि साडेतीन लिटर तेल लागते, असे आमची वही सांगते. मैद्याचे पाकीट आम्ही चार महिने उघडले नव्हते. त्या रात्री ते का घेतले, अल्लाह जाणे. आम्ही आता तीन महिन्यांचे तांदूळ आणि डाळी ठेवतो, तेल दीड महिन्याचे, कारण ते खवट होते हे शिकलो आहोत. हे एकदम घ्यायला पैसे नसतात. दर महिन्याला एखादी वस्तू एक किलो जास्त, एवढेच करावे. उधारीवर आणि हप्त्यावर बेगमी होत नाही, तिच्यात गम शिल्लक राहतो. नवे आले की मागे ठेवावे, जुने पुढे ओढावे. डाळीला एरंडेलाचा हात लावणे आजही उत्तम. तांदळात कडुलिंबाचा पाला टाकायचा तर तो पूर्ण वाळलेला टाका. ओला टाकून आमच्या नणंदेने अख्खी कोठी बुरशीला दिली होती. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त असाव्यात. आणि कोठी जमिनीवर ठेवू नका. 2021 च्या जुलैत चिपळुणात आणि महाडात काय झाले ते आपण पाहिले आहे. धान्याची कोठी दिवाणखान्यात ऐटीत उभी होती, आणि एका रात्रीत चिखल झाला. माळ्यावर थोडे, खाली थोडे, असे विभागून ठेवावे.

एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी. हे मासिक तेही वाचतात, लपून वाचतात. वाळवण गच्चीवर नेणे, संध्याकाळी खाली आणणे, निवडणे, चाळणे, पुन्हा भरणे, हे सगळे घरातल्या बाईच्या रोजच्या कामावर चढते. प्रेषित (सल्ल.) घरकामात घरच्यांना हातभार लावत, हे आपण जलशांत ऐकतो. वीस किलोंची कोठी माळ्यावर चढवणे हाही हातभारच आहे. कमरेचे दुखणे अर्ध्या मोहल्ल्यातल्या बायकांना आहे.

शेजाऱ्याचा वाटा कधी काढायचा? उरले तर देऊ, असे म्हटले तर उरत नाही. हा आमचा अनुभव आहे, आणि त्यात आमचे औदार्य दिसत नाही. बुखारीत अशअरी कबिल्याच्या लोकांची गोष्ट आहे. सफरीत किंवा गावात अन्न कमी पडू लागले की ते ज्याच्याकडे जे असेल ते एका कापडावर एकत्र करत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना आपले म्हटले. गेल्या वर्षीपासून आमच्या गल्लीतल्या सात घरांनी त्याची लहानशी नक्कल चालवली आहे. कोठी भरताना दर दहा मापांमागे एक माप वेगळ्या डब्यात जाते. डबा एका घरी असतो, जिथे तो आहे त्या घरातल्या खाला कुणाचे नाव कुणाला सांगत नाहीत. जकात वेगळी, ती तिच्या हिशेबाने द्यायचीच. शिवणकाम करणारी ती बाई या सात घरांत आहे, आणि तिचेही माप डब्यात पडते. तिने ते कमी करू नका म्हणून बजावले आहे.

अल हचीचे काय झाले ते राहिलेच. भाईने सांगितले होते तसे आम्ही पट्ट्या गरम पाण्यात भिजवल्या, बडीशेपेची पूड, सुंठ आणि तिखट घालून चण्याच्या डाळीबरोबर शिजवल्या. चव मटणाच्या रश्श्याजवळ जाणारी, पण पट्ट्या चिवट आणि किंचित कडवट लागल्या. पुढच्या जुम्म्याला भाई आला तेव्हा वाटीभर त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक घास खाल्ला, विचारात पडला आणि घरी फोन लावला. पलीकडून अम्मी काश्मिरीत बराच वेळ बोलत होत्या, आवाज चढलेला. भाई मान खाली घालून ऐकत राहिला.

"काय म्हणतात?" आम्ही विचारले.

"म्हणते, आधी उकडून ते पाणी फेकायचं असतं, हे तू बाजीला सांगितलंच नसशील."

अर्धी पुडी अजून शिल्लक आहे. मार्चमध्ये तो निघेल तेव्हा त्याच्या गाठोड्यात आमसुले जायची आहेत. मागच्या हंगामातली बरणी आम्ही त्यासाठी बाजूला काढली आहे, आणि ती कशी वापरायची हे या खेपेला कागदावर लिहून देणार आहोत.